मेंढीच्या मांसाचा उग्र वास: दोष चराईचा की खुराकाचा?

माळरान

नमस्कार मंडळी. मांसाच्या वासाबद्दल नेमकी माहिती हवी आहे. "मेंढीचं मांस म्हटलं की वास असायचाच" या उत्तराने समाधान होत नाही, म्हणून सगळा तपशील देतो.

दोन गट आहेत. दोन्हींत ९ ते १० महिन्यांचे, खच्ची न केलेले नर, वजन ३२ ते ३५ किलो. पहिला गट पूर्ण चराईवर आहे. कुरणात लसूणघास आणि पांढरा क्लोव्हर मिळून निम्म्याहून जास्त, बाकी गवत. खुराक अजिबात नाही. दुसरा गट बंदिस्त. दर जनावरी रोज साधारण ९०० ग्रॅम खुराक (बारीक दळलेली बार्ली व मका तीन भाग, पेंड एक भाग) आणि ३०० ते ३५० ग्रॅम वाळलेलं गवत. हा आहार ७५ दिवस चालू आहे.

वास दोन्ही मांसांना आहे, पण सारखा नाही. पहिल्या गटाचं मांस शिजायला लागलं की वाफेबरोबर शेणकट, गोठ्यासारखा वास येतो. दुसऱ्याचा वास आंबूस, घामट, बोकडाकडे झुकणारा. शिवाय दुसऱ्या गटाची पाठीवरची चरबी थंड झाल्यावरही नीट गोठत नाही, बोटाला तेलकट लागते.

विचारायचं ते असं: कुठल्या खाद्यामुळे कुठला वास येतो? कत्तलीआधी किती दिवस आहार बदलला तर फरक पडतो? आणि ओवा, रोझमेरी, थाइम असा सुगंधी पाला चारला तर तो स्वाद मांसात उतरतो का?

---

रवंथ

निदान तुम्हीच जवळपास केलं आहे. हे दोन वेगळे वास आहेत. ते वेगळ्या वाटांनी चरबीत जातात, आणि एकावरचा उपाय जास्त ताणला तर दुसरा वास उभा राहतो. "वास येतो, दाणा वाढवा" किंवा "वास येतो, चरायला सोडा" असे सरसकट सल्ले म्हणूनच फसतात. आधी वास कुठला ते ओळखायचं.

पहिल्या गटाचा शेणकट वास मुख्यतः स्कॅटोलचा. सोबत इंडोल आणि पॅरा-क्रेसोल असतात. स्कॅटोल तयार होतं ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. लसूणघास आणि क्लोव्हर कोवळे असताना त्यांच्या सुक्या भागात (पाणी वगळून उरतं त्यात) २० ते २५ टक्के प्रथिनं असतात, आणि ती कोठीपोटात, म्हणजे जंतू जिथे चारा आंबवतात त्या पहिल्या मोठ्या पोटात, फार वेगाने फुटतात. त्या वेगाने सुटलेली अमिनो आम्लं स्वतःच्या वाढीसाठी वापरायची तर जंतूंना त्याच वेळी पटकन मिळणारी ऊर्जा, म्हणजे साखर किंवा स्टार्च, लागते. कोवळ्या द्विदल चाऱ्यात ती प्रथिनांच्या मानाने कमी पडते. मग उरलेल्या ट्रिप्टोफॅनचं स्कॅटोल होतं, ते रक्तात शोषलं जातं, यकृत त्यातलं बरंचसं निकालात काढतं आणि जे सुटतं ते चरबीत जाऊन बसतं. निव्वळ गवतावर चरणाऱ्या जनावरांतही हे होतं, पण द्विदल जास्त असलेल्या कुरणावर स्पष्टपणे जास्त. म्हणजे दोष "हिरव्या चाऱ्याचा" असं म्हणणं अपुरं आहे. दोष आहे प्रथिनं आणि साखर यांच्या बिघडलेल्या मेळाचा.

दुसऱ्या गटाचा घामट वास शाखायुक्त मेदाम्लांचा, म्हणजे चरबीतल्या फाटे फुटलेल्या आम्लांचा. नावं सांगायची तर ४-मिथाइलऑक्टॅनॉइक, ४-इथाइलऑक्टॅनॉइक आणि ४-मिथाइलनॉनॅनॉइक. बोकडाचा म्हणून जो वास आपण ओळखतो त्यात यांतल्या ४-इथाइलऑक्टॅनॉइकचा वाटा मोठा आहे, त्यामुळे तुम्हाला बोकड आठवला हे अगदी बरोबर. अत्यंत अल्प प्रमाणातही नाकाला कळणारी ही आम्लं आहेत.

ती कशी तयार होतात हे समजून घ्या, कारण सगळे उपाय तिथूनच निघतात. चारा आंबताना कोठीपोटात अ‍ॅसिटेट आणि प्रोपिओनेट ही आम्लं बनतात. वैरणीवर असलेल्या मेंढीत अ‍ॅसिटेट जास्त आणि प्रोपिओनेट कमी बनतं. बारीक दळलेलं धान्य भरपूर दिलं की प्रोपिओनेटचं प्रमाण एकदम वाढतं. प्रोपिओनेटपासून साखर बनवण्याचं काम यकृताचं, आणि त्या वाटेवर मिथाइलमॅलोनेट नावाचा टप्पा येतो. तो ओलांडायला जीवनसत्त्व ब-१२ लागतं. प्रोपिओनेटचा लोंढा यकृताच्या ताकदीबाहेर गेला की मिथाइलमॅलोनेट साचतं आणि चरबी बनवणारी यंत्रणा नेहमीच्या मॅलोनेटऐवजी तेच उचलते. सरळ साखळीला मधेच फाटे फुटतात. फाटे फुटलेली मेदाम्लं नीट रचून बसत नाहीत, म्हणून चरबी कमी तापमानाला वितळते. तुमची चरबी गोठत नाही ती यामुळेच. मऊ चरबी आणि घामट वास ही एकाच बिघाडाची दोन लक्षणं आहेत.

दळण्याच्या बारकाव्यावर इथे बरंच अवलंबून आहे. तीच बार्ली अख्खी दिली तर मेंढी ती चावते, रवंथ करते, लाळ जास्त सुटते आणि आंबण्याचा वेग मंदावतो. मऊ चरबीची तक्रार दळलेल्या किंवा गोळी केलेल्या बार्लीवर जास्त येते, अख्ख्या बार्लीवर बरीच कमी. गाईला धान्य भरडून द्यावं लागतं म्हणून मेंढीलाही तसंच हवं असं नाही. मेंढी अख्खा दाणा चांगला पचवते. ज्वारीसारखा बारीक आणि कठीण दाणा असेल तर एका दाण्याचे दोन-तीन तुकडे होतील इतपतच भरडा. पीठ नको.

दुसरा मुद्दा कोबाल्टचा. ब-१२ कोठीपोटातले जंतू बनवतात, पण त्यासाठी त्यांना कोबाल्ट लागतं. आहाराच्या सुक्या भागात किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम पुरतं. जमिनीतच कोबाल्ट कमी असेल आणि वर धान्याचा मारा असेल, तर वरची अडचण दुप्पट होते. खनिज मिश्रणाच्या पिशवीवर कोबाल्ट लिहिलं आहे का ते बघा. मिश्रण मेंढीसाठीच केलेलं घ्या, गाईचं नको. त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढीच्या यकृतात ते साचून विषबाधा होते.

आणि तिसरा मुद्दा, जो आहारापेक्षाही जड आहे: तुमचे नर वयात आलेले आहेत. खच्ची न केलेल्या नरात वय वाढेल तशी ही शाखायुक्त मेदाम्लं वाढतात. त्यावर धान्याचा जोर दिला की दोन्ही कारणं एकत्र येतात. माझ्या मते दुसऱ्या गटाच्या त्रासाचं मूळ इथे आहे. हाच खुराक ५-६ महिन्यांच्या कोकरांना दिला असता तर वास इतका जाणवला नसता.

---

गव्हाण

रवंथ यांनी कारण सांगितलं, मी गव्हाणीतलं सांगतो.

पहिला गट. लसूणघास-क्लोव्हरच्या कुरणातून काढून किमान दोन आठवडे नुसत्या गवतावर (हिरवं चालेल, पण फुलोऱ्याकडे झुकलेलं, अगदी कोवळं नको) किंवा वाळलेल्या गवतावर ठेवा आणि जोडीला अख्खं धान्य ३०० ते ४०० ग्रॅम. चरबीतलं स्कॅटोल त्या मानाने लवकर उतरतं, कारण ते चरबीत नुसतं विरघळलेलं असतं, चरबीच्या रेणूत गुंफलेलं नसतं. पुरवठा बंद झाला की रक्तावाटे परत निघून जातं. शाखायुक्त मेदाम्लांचं तसं नाही. ती चरबीच्या रेणूचा भाग झालेली असतात. ती "धुऊन" निघत नाहीत, वर नवी चरबी चढेल तशी फक्त विरळ होतात. म्हणून दुसऱ्या गटाला दोन आठवडे पुरणार नाहीत. ६ ते ८ आठवडे धरा आणि तेवढ्यानेही पूर्ण जातील असं समजू नका.

पहिल्या गटाला धान्य चालू करताना घाई केली तर सगळं हातचं जाईल. पूर्ण हिरव्यावर असलेल्या जनावराच्या कोठीपोटात स्टार्च पचवणारे जंतू थोडे असतात. पहिल्या दिवशी ३०० ग्रॅम टाकलं की लॅक्टिक आम्ल साचतं. शेण पातळ, राखाडी, फेसाळ होतं, जनावर दात खातं, लंगडतं, गव्हाणीपासून बाजूला उभं राहतं. ही आम्लबाधा. जीव वाचला तरी पाच-सात दिवसांची वाढ गेली आणि स्नायूतला ग्लायकोजेनही (तिथे साठवलेली साखर) संपला. त्याचा मांसाशी संबंध पुढे सांगतो.

चढ असा ठेवा: पहिल्या दिवशी १०० ग्रॅम, मग दर दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम वाढ. दहा-अकरा दिवसांत ३५० ग्रॅमवर याल. तिथून पुढे दोन आठवडे स्थिर. म्हणजे कत्तलीच्या तारखेआधी साडेतीन आठवड्यांनी सुरुवात. रोजचा वाटा दोन वेळांत विभागून, आधी गवत आणि मग दाणा. गव्हाणीची लांबी सगळ्यांना एकदम तोंड घालता येईल इतकी हवी, नाहीतर दांडगे नर दुबळ्यांचा वाटा खातात. सरासरी ३०० ग्रॅम लिहिलेली असते आणि एखाद्याच्या पोटात ६०० गेलेले असतात. आम्लबाधा नेहमी त्यालाच होते.

दुसरा गट. ९०० ग्रॅम खुराक आणि ३५० ग्रॅम गवत म्हणजे आहारात ७० टक्क्यांहून जास्त खुराक. तो ४५ टक्क्यांच्या आसपास आणा. ३५ किलोच्या नराला रोज साधारण १.३ किलो सुका भाग लागतो. त्याची विभागणी अशी करता येईल: अख्खी बार्ली किंवा मका ४५० ग्रॅम, पेंड १२० ग्रॅम, चांगलं वाळलेलं गवत ७०० ग्रॅम, खनिज मिश्रण १५ ग्रॅम, मीठ ५ ते ७ ग्रॅम. पेंड ४० टक्के प्रथिनांची आणि गवत ८-९ टक्क्यांचं असेल तर एकूण प्रथिनं १२ टक्क्यांच्या आसपास बसतात, या वजनाला शेवटच्या टप्प्यात ती पुरतात. गवत दोन-तीन इंचांपेक्षा बारीक कापू नका. बारीक भुसा केला की रवंथ कमी होते आणि अख्खा दाणा देण्याचा फायदा निघून जातो. आहार खाली आणतानाही ८-१० दिवस घ्या. वाढीचा वेग कमी होईल, तो हिशेब आधीच धरा.

खुराकावर असलेल्या नरांत मूतखड्याचा धोका असतोच, कारण धान्यात आणि पेंडीत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. कॅल्शियम-फॉस्फरस २ ला १ जवळ ठेवा. त्यासाठी खुराकात १.५ टक्के चुनखडीची भुकटी. अर्धा टक्का नवसागर टाकला की लघवी आम्लधर्मी राहते आणि खडे धरत नाहीत. पाणी स्वच्छ आणि कायम. आणि धान्य वाढवण्याच्या आधी आंत्रविषाराची (आतड्यात जंतूंचं विष तयार होण्याच्या रोगाची) लस दोन मात्रांत पूर्ण झालेली हवी. ती राहिली असेल तर आहारबदल पुढे ढकला.

आता ग्लायकोजेन. कत्तलीनंतर स्नायूतल्या ग्लायकोजेनचं लॅक्टिक आम्ल होतं आणि मांसाचा सामू (आम्लता मोजणारा आकडा, पीएच) ७ च्या आसपासून ५.५ ते ५.७ वर उतरतो. जनावर उपाशी, आजारी किंवा भेदरलेलं असेल तर ग्लायकोजेन आधीच संपलेला असतो. सामू ६ च्या वरच राहतो, मांस काळपट आणि चिकट होतं, भाजताना येणारा खमंगपणा कमी पडतो आणि ते लवकर नासतं. म्हणून शेवटचे दोन आठवडे जनावर वजन वाढवत असलं पाहिजे. कत्तलीआधी १२ ते २४ तास खाद्य बंद, पाणी चालू. त्याहून जास्त उपास नको. नवी जनावरं त्या काळात कळपात मिसळू नका, नर आपसांत झुंजतात आणि होतं नव्हतं ते जाळून बसतात.

---

हिरवळ

चर्चा फक्त दोषांची चालली आहे, म्हणून चराईची बाजू मांडते.

कुरणावरच्या मांसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ मेद, जास्त असतं. गवताच्या पानातल्या मेदात निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच. कोठीपोटातले जंतू त्यातलं बहुतेक संपृक्त करून टाकतात, तरी थोडं निसटून स्नायूत पोचतं. धान्यावर त्याची जागा लिनोलेइक आम्ल घेतं. ही दोन्ही शिजवताना वेगवेगळी फुटतात: लिनोलेनिकपासून हिरवट, किंचित माशाकडे झुकणारे गंध, लिनोलेइकपासून हेक्झानल आणि डेकाडायइनल, म्हणजे तळणीकडचे तेलकट गंध. २,३-ऑक्टेनडायोन नावाचं एक द्रव्य तर हिरव्या चाऱ्याची खूण म्हणूनच तपासलं जातं. मांस चराईवरचं की खुराकावरचं हे त्यावरून ओळखता येतं.

इतका सहज ऑक्सिडाइझ होणारा मेद असूनही चराईचं मांस टिकतं, कारण ताज्या हिरव्या पानात जीवनसत्त्व ई भरपूर असतं. धान्यात त्याच्या काही अंशाने. उन्हात वाळवलेल्या गवतातलंही बरंचसं उडून जातं. हिरवंगार कापून सावलीत वाळवलेल्या गवतात त्यातल्या त्यात जास्त उरतं. स्नायूत किलोमागे साधारण ३ ते ४ मिलिग्रॅम ई असेल तर मांसाचा लाल रंग टिकतो आणि खवटपणा लांबतो. बंदिस्त गटात ते बहुधा कमी असणार. तिथे खुराकात किलोमागे २५० ते ३०० मिलिग्रॅम जीवनसत्त्व ई किमान तीन-चार आठवडे द्या. शेवटच्या पाच दिवसांत देऊन उपयोग नाही, स्नायूत साठायला वेळ लागतो. आणि त्याने घामट वास जाणार नाही हेही स्पष्ट सांगते. ई फक्त खवटपणा रोखतं.

जवस किंवा जवसाची पेंड घालून ओमेगा-३ वाढवायचं कुणी सुचवेल. चालतं, पण एकूण मेद आहाराच्या सुक्या भागात ५-६ टक्क्यांवर जाऊ देऊ नका, नाहीतर वैरण पचवणारे जंतू मार खातात. आणि ई दिल्याशिवाय जवस नको: मेद वाढतो, राखण वाढत नाही, आणि दोन-तीन दिवस ठेवलेल्या मांसाला माशाचा वास येतो. मासळीची भुकटी आणि माशाचं तेल शेवटच्या दोन महिन्यांत पूर्ण टाळावं.

सुगंधी पाल्याबद्दल. थेट स्वाद उतरेल ही अपेक्षा ठेवू नका. टर्पिन गटाची सुगंधी द्रव्यं चरबीत थोडीफार पोचतात, वनस्पतींची विविधता असलेल्या कुरणावरच्या जनावरांत ती मोजताही येतात. पण कोठीपोटातले जंतू त्यातलं बरंच बदलून टाकतात आणि उरलेलं शिजवताना वाफेबरोबर जातं. रोझमेरी आणि थाइमच्या पाल्याचा खरा उपयोग त्यातल्या ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या द्रव्यांसाठी आहे. मांसाला त्यांचा वास येत नाही, मांस उशिरा खवट होतं. हा फायदा लहान नाही, पण तो "मसालेदार मांस" नाही.

उलट, नको असलेला वास मात्र पटकन उतरतो. कोबी, सलगम, मुळा, मोहरी या कुळाच्या पाल्यात गंधकयुक्त द्रव्यं असतात. त्यावर जनावर ठेवलं तर मांसाला उकडलेल्या कोबीसारखा जड वास येतो. हा पाला आहाराच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा आणि कत्तलीआधी दोन आठवडे बंद करा. कांद्याच्या पातीचं आणि फेकलेल्या कांद्याचंही तसंच, शिवाय दोन्हींनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे फक्त वासाचा प्रश्न नाही. लसूणघासाच्या नावात लसूण आहे म्हणून काहींना त्यात लसणासारखी द्रव्यं असतील असं वाटतं. तसं काही नाही. त्याचा त्रास वर सांगितलेला, प्रथिनांचा.

---

माळरान

फार उपयोगी पडलं. आता तीन अडचणी. एक, लसूणघास पूर्ण बंद करता येणार नाही, प्रथिनांचा तोच मुख्य स्रोत आहे. वास कमी करून तो चालू ठेवता येईल का? दोन, आता ९-१० महिन्यांत खच्ची केले तर फायदा होईल का? तीन, फरक पडला की नाही हे शिजवून खाण्याआधी कसं ओळखायचं? स्वयंपाकात मसाल्याखाली काहीच कळत नाही.

---

रवंथ

लसूणघास ठेवा, पण एकटा ठेवू नका. तो सुक्या भागाच्या ३० टक्क्यांच्या आत आणा आणि त्याच वेळी पोटात ऊर्जा राहील असं बघा. कापून घालत असाल तर दुपारनंतर कापा. दिवसभराच्या उन्हाने पानात साखर जमते, ती सकाळी सर्वांत कमी असते. चरायला सोडत असाल तरीही तोच नियम: सकाळी गवत आणि थोडा दाणा, लसूणघासावर दुपारनंतर. यात दुसरा फायदा असा की भुकेल्या पोटी दवाने ओल्या लसूणघासावर तुटून पडल्याने होणारी पोटफुगी टळते. कोवळ्यापेक्षा फुलोऱ्याच्या सुरुवातीचा घास बरा. वाळवून दिला तर प्रथिनं फुटण्याचा वेग आणखी कमी होतो, फक्त वाळवताना पानं गळू देऊ नका. पोषण पानात आहे.

टॅनिनचाही, म्हणजे पाल्यातल्या तुरट द्रव्याचाही, विचार करा. सघन टॅनिन असलेला चारा (लोटस आणि सेनफॉइन ही द्विदल चारापिकं; लोटस म्हणजे इथे कमळ नव्हे) प्रथिनांना कोठीपोटात धरून ठेवतो आणि पुढच्या पोटात सोडतो. प्रथिनं वाया जात नाहीत आणि स्कॅटोल कमी बनतं. सुक्या भागात २ ते ४ टक्के टॅनिन ही उपयोगाची मर्यादा. ५-६ टक्क्यांच्या वर गेलं की जनावर खाणं कमी करतं आणि प्रथिनं पुढेही सुटत नाहीत. बाभूळवर्गातल्या पाल्यात टॅनिन बरंच जास्त असू शकतं, म्हणून तो तोंडी लावण्यापुरता, मुख्य चारा म्हणून नाही.

खच्चीकरण: या गटासाठी नको. जमलेली चरबी तशीच राहणार, जखम आणि ताण वेगळा, वाढ मंदावणार. ते पुढच्या पिढीसाठी ठेवा, पहिल्या काही आठवड्यांत. आणि खच्ची नरांत चरबी लवकर चढते हे लक्षात घेऊन खुराक बेताचा ठेवा. दुसरा मार्ग म्हणजे नर खच्ची न करता ५-६ महिन्यांतच विकायचे, वयात येण्याआधी. चांगली वाढणारी जात असेल तर मला हाच जास्त पटतो, कारण वाढीचा वेगही मिळतो आणि वासही लागत नाही.

---

कातरणी

वास ओळखण्याबद्दल लिहितो, पण त्याआधी एक गोष्ट तपासा, कारण तिचा दोष नेहमी चाऱ्यावर ढकलला जातो. कातडं काढताना लोकर मांसाला लागते का? लोकरीतला मेणचट मेद आणि घाम मांसाच्या पृष्ठभागाला लागला की जो वास बसतो तो कुठल्याही आहाराने जात नाही. ज्या हाताने लोकर धरली त्याच हाताने मांस धरू नये. कातडं कापताना सुरीचं पातं आतून बाहेर चालवावं आणि मांसाला लावण्याआधी गरम पाण्यात बुडवावं. कातडं सोलताना कडा बाहेरच्या बाजूला दुमडत जावं, म्हणजे ती परत मांसावर पडत नाही. शेण-चिखलाने माखलेलं जनावर असेल तर आदल्या दिवशी पोटाखालची लोकर कातरून घ्या. हे न करता दोन गटांची तुलना केली तर तुम्ही चारा नाही, सोलणाऱ्याचा हात मोजाल.

आता चाचणी. मांसाचा सर्वसाधारण "मांसासारखा" स्वाद लाल भागातून येतो, पण ते मेंढीचं आहे हे सांगणारा वास चरबीत असतो. म्हणून तपासायची ती चरबी.

शेपटीच्या मुळाजवळची, पाठीवरची चरबी घ्या, प्रत्येक जनावराची त्याच जागेची. जागा बदलली की चरबीची घडणही बदलते, मूत्रपिंडाभोवतीची चरबी पाठीवरच्यापेक्षा कठीण असते, त्यामुळे ती मिसळू नका. १० ग्रॅमचे बारीक तुकडे करून झाकणाच्या काचेच्या बरणीत टाका. मीठ, हळद, पाणी काहीही नको. प्लास्टिकची बरणी नको, तिला स्वतःचा वास असतो आणि आधीचा वास ती धरून ठेवते. बरण्या ७० ते ८० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं ठेवा. झाकण उघडताच लगेच वास घ्या, पहिला श्वासच खरा. तीन वासांत नाक बधिर होतं, मधे दोन मिनिटं मोकळ्या हवेत जा.

बरण्यांवर गटाचं नाव लिहू नका, फक्त खुणा करा आणि कुठली खूण कुणाची हे वास न घेणाऱ्या माणसाकडे ठेवा. किमान तिघांनी वेगवेगळं घ्यावं आणि दोन स्वतंत्र आकडे लिहावेत: शेणकटपणा ० ते ५, घामटपणा ० ते ५. एकच "वास" म्हणून आकडा लिहिलात तर पहिल्या गटाचं सुधारलेलं आणि दुसऱ्याचं बिघडलेलं एकमेकांत मिसळून जाईल. त्याच बरण्या नंतर फ्रिजमध्ये तासभर ठेवून चरबी बोटाने दाबा. चांगली चरबी पांढरी, कडक आणि तुटणारी असते. दाबल्यावर खड्डा पडून राहिला आणि बोट तेलकट झालं तर शाखायुक्त मेदाम्लांचा त्रास अजून आहे.

एका जनावरावरून निकाल काढू नका. एकाच गव्हाणीत खाणाऱ्या दोन नरांच्या चरबीतही बराच फरक पडतो. आहार बदलण्याआधी प्रत्येक गटातले चार-पाच आणि बदलल्यानंतर तेवढेच, वय आणि वजन जवळपास सारखं असलेले, असे तपासा. आधीच्या नमुन्यातली थोडी चरबी घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवली आणि नंतरच्या चाचणीत खूण न सांगता एक बरणी तिची ठेवली, तर नाकाचा अंदाज दोन महिन्यांत किती सरकला आहे तेही कळतं.